चालतें यंत्र कां बदललें?

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच पालकसभेंत सिंदेवाहीकडील एका गृहस्थांनीं उठून मला विचारलें, "सर, मशीन तं चालू होती, तिले काहून हात लावला जी?" सभेंत हंशा पिकला; मीहि हंसलों. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. संगणकशाळेंतील बारा यंत्रांपैकीं चार यंत्रें त्या दिवशीं बंद होतीं, आणि तीं बंद पाडणारा मीच होतों. त्या गृहस्थांस सभेंत दिलेलें माझें उत्तर अपुरें होतें. तें पुरें करावें, आणि त्याच्याच आधारें माझें एक मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवावें, या हेतूनें वार्षिकाचीं हीं पानें मीं मागून घेतलीं आहेत.

माझें मत असें कीं, यंत्र अडलें म्हणजे तें पुसून कोरें करावें, ज्याला बाजारांत 'फॉरमॅट मारणें' म्हणतात, ही आपल्याकडे पडलेली रीत वाईट आहे. आपल्याला काय कमी पडलें आहे तें यंत्र बहुतेक वेळां स्पष्ट शब्दांत सांगत असतें. तें वाचण्याचे कष्ट न घेतां पाटी पुसणें हा निदान शाळेला तरी न शोभणारा आळस आहे.

प्रथम घडलें तें सांगतों. आमच्या यंत्रांवर लिनक्स आहे. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्या गाभ्याची सुरुवात केली, त्याच्याभोंवतीं हजारों लोकांनीं रचलेली ही प्रणाली आहे. तिच्या अनेक घराण्यांपैकीं 'उबुंटू' हें आमच्याकडे नांदतें. २०२० च्या एप्रिलांत निघालेली तिची २०.०४ ही आवृत्ति आम्ही वापरीत होतों. अशा दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची नेहमीची देखभाल पांच वर्षें चालते. ती मुदत २०२५ च्या मे महिन्याअखेर संपली. त्यानंतर चोरट्यांना एखादें नवें भोंक सांपडलें तर त्यावर नेहमीच्या वाटेनें ठिगळ येत नाहीं. याच यंत्रांवरून मुलें परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. पालकांच्या बँकखात्यांचे क्रमांक त्यांतून जातात. छपराला भोंक पडलें आहे हें ठाऊक असून पाऊस येईपर्यंत थांबणारा घरधनी शहाणा म्हणतां येईल काय? म्हणून २२.०४ वर जावयाचें ठरलें. एकदम २४.०४ वर उडी घेतां येत नाहीं. एक पायरी गाळून दुसरी चढूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

जूनचा पहिला आठवडा होता. चांद्याकडील उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांस वर्णन नको. वसतिगृहांत राहिलेल्या चार विद्यार्थ्यांना घेऊन मी पहांटे पांचला कामास बसत असें. आठ यंत्रें सुरळीत पार पडलीं. त्यांच्याविषयीं लिहिण्यासारखें कांहींच नाहीं, आणि ज्या कामाविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नसतें तें चांगलें झालें असें समजावें. अडलीं तीं ३, ७, ९ व १० या क्रमांकांचीं.

तिसऱ्या यंत्राची गोष्ट आधीं सांगतों, कारण तीत चूक माझी आहे. त्यावर टंकलेखनाच्या सरावाचा एक कार्यक्रम होता. तो उबुंटूच्या भांडारांतून न घेतां बाहेरून आणून बसविलेला होता. आवृत्ति बदलल्यावर तो उघडेना. पडद्यावर उमटलें कीं, 'लिब-एसएसएल' या लायब्ररीची १.१ या अंकाची फाइल सांपडत नाहीं.

लायब्ररी या शब्दानें मुलांस वाचनालय आठवतें. त्यापेक्षां गांवकीचीं भांडीं आठवावीं. लग्नकार्यासाठीं प्रत्येक घरानें शंभर पानांचा गंज विकत घेऊन माळ्यावर ठेवण्याऐवजीं गांवानें मिळून एक घ्यावा आणि ज्याच्याकडे कार्य असेल त्यानें तो न्यावा, ही रीत जुनी आहे. संगणकांतहि असेंच आहे. गुप्त लिपींत संदेश पाठविणें, पडद्यावर अक्षरें जुळविणें, तारखा मोजणें, हीं कामें शेंकडों कार्यक्रमांस लागतात. म्हणून तीं एकेका समाईक लायब्ररींत ठेवलेलीं असतात, आणि जो तो तेथून उचलतो. भांड्यावर जसें नांव कोरलेलें असतें तसें लायब्ररीवर नांव व अंक असतो. हा अंक उगीच बदलत नाहीं. वापरण्याची रीतच बदलली, म्हणजे जुन्या संवयीनें हात घातला तर चटका बसेल अशी वेळ आली, तरच नवा अंक कोरतात. 'लिब-सी' ही सर्वांच्या मुळाशीं असलेली लायब्ररी पाहा. तिच्यावरील ६ हा अंक १९९७ पासून आजतागायत तोच आहे. जुनें काम मोडूं न देतां तिनें नवें काम शिकून घेतलें. उलट, 'ओपन-एसएसएल' या मंडळींनीं १.१ नंतर ३ हा अंक कोरला, आणि २२.०४ मध्यें तो नवा गंज आला, जुना भांडारांतून गेला. भांडारांतीलच जे कार्यक्रम होते त्यांना नव्याची ओळख करून दिलेली होती. बाहेरून आलेला पाहुणा मात्र जुन्याच नांवानें हांक मारीत राहिला.

आतां माझी चूक. घाई फार होती, उकाडा त्याहून फार. मीं नव्या लायब्ररीकडे बोट दाखविणारी एक खूण तयार केली आणि तिला जुन्या लायब्ररीचें नांव दिलें. म्हणजे नव्या गंजावर जुनें नांव कोरलें! कार्यक्रमानें तो उचलला, आंत पाहिलें, आणि दुसरी तक्रार केली कीं, 'ओपन-एसएसएल १.१.०' ही खूण यांत नाहीं. नांव पटलें, ओळख पटली नाहीं. माझ्या शेजारीं बसलेला दहावींतील मुलगा तेव्हां म्हणाला, "सर, हा मेसेज आधीच्यापेक्षा वेगळा आहे." तो बरोबर होता, आणि मी तो न वाचतांच पुढची युक्ति शोधीत होतों. अखेर ती खोटी खूण काढून टाकली व कार्यक्रमाच्या कर्त्यांनीं २२.०४ साठीं बांधलेली प्रत उतरवून घेतली. अर्ध्या तासांत काम झालें. तशी प्रत नसतीच, तर जुनी लायब्ररी त्या एका कार्यक्रमाच्या फडताळांत वेगळी ठेवून काम भागविणें शक्य होतें, जोखीम ओळखून. पण साऱ्या यंत्राच्या समाईक भांडारांत जुन्यानव्याची भेसळ करूं नये. कित्येक ठिकाणीं सल्ला मिळतो कीं, जुन्या आवृत्तीचें भांडार यादींत जोडा व जबरदस्तीनें बसवा. असा प्रयोग कोणी 'लिब-सी'वर केला तर फाइलींची यादी दाखविणारी साधी आज्ञासुद्धां मुकी होते, कारण तीही त्याच गंजांत शिजते.

नऊ व दहा या यंत्रांचें दुखणें निराळें. त्यांना बिनतारी जाळ्याशीं जोडणारी लहान काडी लावलेली होती. ती काडी चालविणारा 'मॉड्यूल', म्हणजे गाभ्यांत बसणारा तुकडा, आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें पूर्वीं हातानें बांधून दिलेला होता. २०.०४ चा गाभा ५.४ या क्रमांकाचा, २२.०४ बरोबर ५.१५ आला, आणि काडी मेली. जुना तुकडा उचलून नव्या गाभ्याच्या फडताळांत ठेवावा असें कोणासहि वाटेल, आम्हांसहि वाटलें. गाभ्यानें तो घेण्याचें नाकारलें, आणि त्याच्या रोजनाम्यांत कारणहि लिहून ठेवलें : या तुकड्यावरील खूण ५.४ ची आहे, ती ५.१५ ची पाहिजे होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. बाहेरच्या कार्यक्रमांशीं दिलेला शब्द मोडावयाचा नाहीं, हा टोरवाल्डस यांचा कडक नियम आहे. गाभा बदलल्यानें एखादा जुना कार्यक्रम बंद पडला तर दोष गाभ्याचा मानतात. पण गाभ्याच्या आंत बसणाऱ्या तुकड्यांना असें कोणतेंहि वचन नाहीं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं तसें कारणांसह लिहून ठेवलें आहे, आणि तें टिपण गाभ्याच्या कागदपत्रांतच मिळतें. त्यांचें म्हणणें असें कीं, तुमचा तुकडा आमच्या मूळ साठ्यांत आणून द्या. मग जो कोणी आंतली रचना बदलील तोच तुमचा तुकडाहि दुरुस्त करील. दूर ठेवाल तर प्रत्येक वेळीं तुम्हीच घासा. बैलगाडीचें चाक सुतार ज्या आंसावर बसवून देतो त्याच आंसावर तें फिरतें. आंस बदलला कीं चाक पुन्हां सुताराकडे. मला प्रथम हा नियम निष्ठुर वाटला. आतां तसा वाटत नाहीं. सर्वांचें जुनें ओझें कायमचें वाहीन असें म्हणणारा गाडीवान फार दूर जात नाहीं.

तुकडा नव्यानें बांधावा तर त्यासाठीं नव्या गाभ्याचीं शीर्षकपत्रें, ज्यांस 'हेडर' म्हणतात, उतरवावीं लागतात. आणि उतरवावीं तर जाळें पाहिजे. आणि जाळें त्या तुकड्याशिवाय नाहीं. ही गांठ फोनानें सोडविली. फोन तारेनें यंत्राला जोडून त्याचें जाळें वापरलें. त्यासाठीं लागणारा तुकडा गाभ्याच्या मूळ साठ्यांतच असतो. मात्र आमच्या इमारतींत रेंज येत नाहीं, म्हणून यंत्र व पडदा उचलून व्हरांड्यांतील टोंकाच्या खोलींत न्यावा लागला. दुसरी एक सोय विसरूं नये. जुना गाभा नव्याबरोबर यंत्रांत शिल्लक असतो, आणि यंत्र सुरू होतांना यादींतून तो निवडतां येतो. शेवटीं 'नको असलेलीं पॅकेजें काढूं काय?' असा प्रश्न आला तेव्हां आम्हीं घाईनें 'होय' म्हटलें नव्हतें, तें येथें उपयोगी पडलें. नवव्या यंत्राचा तुकडा नव्या मूळपाठावरून बांधला गेला. तो 'डीकेएमएस' या व्यवस्थेकडे सोंपविला आहे, म्हणजे पुढें गाभा बदलला कीं ती तो आपोआप पुन्हां बांधावयास घेईल. दहाव्याच्या काडीचा जो जुना मूळपाठ आमच्यापाशीं होता तो ५.१५ वर बांधला जाईना.

राहिलें सातवें. हें यंत्र अडलें नसतें तर मीं हा लेख लिहिला नसता. आमच्या वसतिगृहांत भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांतील मुलें आहेत. घरच्या बोलींतील, माडिया व गोंडी, शब्द सुटींत वडीलधाऱ्यांकडून विचारून आणावयाचे आणि देवनागरींत लिहून मराठी अर्थासह नोंदवावयाचे, असा उपक्रम पांच वर्षें चालू होता. झाडांचीं नांवें, माशांचीं, मोहाच्या फुलांच्या निरनिराळ्या अवस्थांचीं, नात्यांचीं. हा सारा संग्रह सातव्या यंत्रावर, आणि त्याची दुसरी प्रत ज्या पेनड्राइव्हवर, तो उघडत नव्हता. हेंहि माझेंच पाप. अशा यंत्रावर आवृत्ति बदलत असतां दुपारीं वादळ आलें आणि वीज गेली. वीज परत आल्यावर यंत्रावर काळा पडदा व पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी.

दुरुस्तीसाठीं बोलाविलेल्या एका कारागिरानें पडद्याकडे क्षणभर पाहिलें व म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, तासाभराचं काम." मी थकलों होतों. होय म्हणणार होतों. नववींतील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, माझ्या आजीनं सांगितलेले शब्द यातच आहेत ना?" ती आजी आतां हयात नाहीं.

कारागीर परत गेला. आम्हीं स्थापनेच्या पेनड्राइव्हवरून, यंत्रांत कांहीं न बसवितां, प्रणाली नुसती चालविली आणि सातव्याची चकती उघडून पाहिली. सर्व फाइली जशाच्या तशा होत्या. त्या दोन ठिकाणीं उतरवून घेण्यास वीस मिनिटें लागलीं. वाचकहो, फॉरमॅट ही दुरुस्ती कशाची व्हावयाची होती? चकतीला कांहींच झालें नव्हतें. पॅकेजें अर्धवट बसलीं होतीं, एवढेंच. आणि पांढऱ्या चार ओळींपैकीं तिसरी ओळ नेमकें तेंच सांगत होती. अर्धवट बसलेलें पुरें करण्याची 'डीपीकेजी'ची आज्ञा दिली, मग तुटलेलीं नातीं जुळविण्याची 'ॲप्ट'ची आज्ञा दिली, आणि संध्याकाळपर्यंत चित्रमय पडदा परत आला.

पण शब्दसंग्रहाचा कार्यक्रम तरीहि उघडेना. तो पायथॉन भाषेंत लिहिलेला आहे. पायथॉनमध्येंहि मॉड्यूल असतात. गाभ्यांतल्या मॉड्यूलशीं त्यांचें फक्त नांवाचें साम्य. २०.०४ मध्यें पायथॉन ३.८ होता, २२.०४ मध्यें ३.१० आला. हातानें आणलेलीं मॉड्यूलें ३.८ च्या फडताळांत राहिलीं, आणि ३.१० आपलें नवें, रिकामें फडताळ शोधीत बसला. येथें पुष्कळ लोक जुन्या पायथॉनला पुन्हां मुख्य करून बसवितात आणि मग यंत्राचीं स्वतःचीं साधनें कोलमडतात, कारण तींही त्याच पायथॉनवर उभीं असतात. आम्हीं तसें केलें नाहीं. कार्यक्रमासाठीं वेगळी खोली काढली व तक्रार येईल तसें एकेक मॉड्यूल तीत आणून ठेवलें. पांचव्यानें हट्ट धरला : 'कलेक्शन्स'मधून 'मॅपिंग' मिळत नाहीं. त्या विद्यार्थिनीनें तें वाक्य वहींत उतरून घेतलें, व कारण शोधून काढलें. हें नांव बऱ्याच आधीं दुसऱ्या घरीं राहावयास गेलें होतें. जुन्या पत्त्यावर येणारीं पत्रें पुढें पाठविण्याची सोय ३.१० नें बंद केली. त्या मॉड्यूलच्या नव्या आवृत्तींत पत्ता सुधारलेला होता. ती आणली, आणि संग्रह उघडला.

असे आघात मोठ्यांनाहि चुकले नाहींत. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळ खैराटच्या धनगरवाड्यावरील छोट्या शाळेंत 'एक्सओ' नांवाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांना दिले गेले. त्यांवरची 'शुगर' ही प्रणाली लिनक्सवर उभी होती आणि पायथॉनच्या दुसऱ्या पिढींत लिहिलेली होती. ती पिढी १ जानेवारी २०२० रोजीं निवृत्त झाली, आणि शुगरच्या कर्त्यांना आपलें लेखन तिसऱ्या पिढींत उतरवून काढावें लागलें.

कांहीं पालक म्हणतात, फुकटची वस्तु म्हणून मोडते, विकतची घ्या. त्यांना माझें सांगणें असें कीं, विकतच्या विंडोज १० ची मोफत देखभालहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ आमच्या जुन्या यंत्रांना दारांत उभें करीत नाहीं, कारण ती मागते तें सुरक्षेचें अंग त्यांत नाहीं. केरळांतील सरकारी माध्यमिक शाळा कित्येक वर्षें मुक्त प्रणालीवर चालल्या आहेत. तेथील मुलें आपल्या मुलांहून हुशार जन्मतात असें नाहीं. दुसरे कांहीं म्हणतात, तर मग बदलूंच नका. यांत थोडें तथ्य आहे. परीक्षा तोंडावर असतां बदलूं नये, एका यंत्रावर करून पाहिल्याविना बाकीच्यांना हात लावूं नये, प्रत घेऊन ती उघडून पाहिल्याविना तर मुळींच नाहीं. हें तिन्ही मीं मोडलें. परंतु कधींच न बदलणें परवडत नाहीं. गोंडीसाठीं मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं जी लिपी तयार केली तिला युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें २०१७ सालीं. त्याआधींच्या प्रणालीस तीं अक्षरें ओळखूंच येत नाहींत. तेथें रिकामे चौकोन दिसतात.

संदेश वाचा, असें मी म्हणतों खरें. पण संदेश नेहमीं पुरता बोलतो असें नव्हे. आमच्या छपाईयंत्राचा एक जुना मदतनीस कार्यक्रम चालवूं गेलों तर 'अशी फाइल नाहीं' असें उत्तर येई, आणि फाइल तर डोळ्यांपुढें दिसत होती! दोन दिवस मुलें माझ्याकडे संशयानें पाहत होतीं. ती फाइल ३२-बिटी काळची होती, आणि तिला चालना देणारा ३२-बिटी चालक यंत्रांत नव्हता; 'नाहीं' तें त्याच्याविषयीं होतें. इंग्रजी वाक्यांतील अध्याहृत कर्ता ओळखणें हा व्याकरणाचा धडा आहे, आणि मीं तो पुढें नववीच्या वर्गांत तसाच घेतला.

हीं सर्व कामें चाललीं असतां मुलांनीं एक वही ठेवली. दिलेली आज्ञा डावीकडे, आलेला संदेश उजवीकडे, शब्द न बदलतां. माझ्या खोट्या खुणेची नोंदहि तींत आहे, आणि ती खोडूं देण्यास मुलांनीं नकार दिला. दहावें यंत्र आजहि तारेनें जोडलेलें आहे. संग्रहाच्या आतां तीन प्रती आहेत. महिन्यांतून एकदां त्यांपैकीं एक उघडून पाहण्याचें काम त्या विद्यार्थिनीकडे आहे. २२.०४ ची नेहमीची देखभाल २०२७ सालीं संपावयाची आहे, तेव्हां २४.०४ ची पायरी त्याआधींच्या सुटींत चढावी लागेल. त्यासाठीं सिंदेवाहीच्या त्या गृहस्थांनीं आपल्या दुकानांतील इन्व्हर्टर चार दिवस देण्याचें कबूल केलें आहे, आणि स्वतः येऊन बसणार असेंहि कळविलें आहे.